झुंबरबाईची हजर लेक

“शिकल्याली मानसं लई बघितल्यात म्या.”

गोंदणवाडीच्या झुंबरबाईचं हे रोजचं बोलणं. सकाळी शेणाचे हात धुताना म्हणायची, दुपारी दावं सोडताना म्हणायची, आणि धोतराच्या सोग्याला शाईचा डाग असलेला कुणी दारात उभा राहिला की आवाज चढवून म्हणायची. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. वाडीत शाळा बांधली तेव्हा तिच्या डोक्यावर विटांची पाटी होती, म्हणजे भिंतीपर्यंत गेली होती म्हणायचं.

शिकलेली माणसं तिनं कुठं बघितली? तर कोल्हापुरात, गंगावेशीच्या कट्ट्यावर. दिवस कलला की तिथं म्हशी ओळीनं उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची, आणि फेसासकट कोमट दूध त्यानं तिथंच उभ्यानं प्यायचं. पैलवान यायचे, ते चरवी तोंडाला लावून मोकळे व्हायचे. शिकलेला माणूस आधी भांडायचा.

“बाई, हा फेस मापात धरलास का?”

“फेस बी माज्याच म्हशीचा हाय, सायेब. नगं असंल तर फुंकून टाका.”

एका वकिलानं तिला विचारलं होतं, की उन्हाळ्यात म्हशीचं दूध गार का निघत नाही. झुंबरबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “तिला सांगून बघती.” त्या दिवसापासून विद्येबद्दल तिचं मत पक्कं झालं. ते बदलायला सरकारला कायदा करावा लागला, आणि कायद्यालाही ते जमलं नाही.

तिची म्हैस चांदरी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. सन पन्नासच्या संक्रांतीला कागलच्या बाजारातून आणली होती. दोन्ही वेळचं मिळून आठ शेर दूध, अंगानं तुकतुकीत, चालीनं पाटलीण. खोड एकच. झुंबरबाईची नऊ वर्षांची लेक तानी जवळ असल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. सरकी ठेवली, पेंड ठेवली, रेडकू लावून बघितलं. झुंबरबाईचा नवरा केरबा, जो दिवसातून चार शब्द बोलायचा, त्यानं एकदा कासेला हात लावला, तर चांदरीनं त्याला लाथेनं उकिरड्यापर्यंत पोचवलं. तानी आली, मानेखाली खाजवलं, “चांदरे, दे की गं” म्हणाली, की धारा सुरू. घरी हे हाल, तर गंगावेशीत सायकलीच्या घंट्या आणि टांग्यांचा गलका चालू असताना काय होणार! तानीशिवाय चांदरी तिथं दगडाच्या नंदीसारखी उभी राहायची.

म्हणून रोज दुपारी तीन वाजता मायलेकी म्हैस घेऊन निघायच्या. उचगाव ओलांडायचं, अख्खं शहर ओलांडायचं, पाचाला कट्ट्यावर. सकाळी धार, शेण, वैरण, मग चांदरीला ओढ्यात धुणं. सरकारनं सक्ती करायच्या आधीच चांदरीनं पोरीवर सक्ती केली होती, आणि तिच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा नव्हती.

तानी शाळेत गेलीच नव्हती असं नाही. संस्थान होतं तेव्हाची गोष्ट, सन अठ्ठेचाळीसचा जून. सात वर्षांची तानी आठ दिवस शाळेत गेली. पाच अक्षरं शिकली. नवव्या दिवशी शेळी व्याली आणि शिक्षण आटोपलं. पण ती पाच अक्षरं पोरीनं टाकली नाहीत. उचगावच्या रस्त्यानं जाताना चांदरीच्या धुळीनं माखलेल्या पाठीवर ती बोटानं तीच पाच अक्षरं काढायची, हातानं पुसायची, परत काढायची. झुंबरबाईला ते दिसायचं. दिसलं की तिला वाटेत कुठंतरी पाणी दिसायचं आणि ती म्हैस धुवायला काढायची.

“आये, मला सहावं शिकू दे की,” तानी म्हणायची.

“चांदरी आटली की जा. तवर न्हाय. सांगितलंय न्हवं एकदा?”

आता म्हैस आटावी म्हणून देवाला हात जोडणारी पोर अख्ख्या करवीर तालुक्यात दुसरी नसेल. देवानं ऐकलंही. सन एक्कावन्नच्या चैत्रात चांदरी आटली. तानी पाटी पुसून उभी राहिली, तर शाळेत परीक्षा चाललेली. ती संपली आणि मे महिन्याची सुट्टी लागली. जूनमध्ये शाळा उघडायची त्याच्या आदल्या दिवशी सकाळी चांदरी व्याली. वाडीतल्या बाया रेडकू बघायला आल्या, खरवस खाऊन गेल्या. तानीनं वाटी हातात धरली आणि तशीच खाली ठेवली.

एवढ्यात हजेरीसाहेब उगवले.

संस्थानातही शाळेची सक्ती होतीच, पण ती ओळखीपाळखीची होती. एकोणपन्नास साली संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि मागून कायदा आला, कायद्याबरोबर छापील नमुने आले, आणि नमुने भरायला शिवाजी पेठेतले नृसिंहराव आले. सायकल, छत्री, पाठीला पिशवी. सात ते अकरा वयाची पोरं शाळेत नसली तर आईबापाला जाब विचारायचा, हे त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला असं वाटायचं, की जे नमुन्यात नाही ते जगात नाही.

“मुलगी कुठं आहे?”

“कुटली?”

“तुमची. तानाबाई केरबा. वय दहा.”

“धा व्हय? आमास्नी वाटलं नऊच. बरं झालं तुमी आलासा.”

“शाळेत का जात नाही?”

“पावणं, आधी बसा की. दूध घेतासा न्हवं?”

नृसिंहरावांनी दूध घेतलं. फेसाबद्दल काही बोलले नाहीत, त्यामुळे झुंबरबाईच्या मनात त्यांच्याबद्दल थोडी जागा झाली. मग त्यांनी नमुना काढून मांडीवर ठेवला.

“गैरहजेरीचं कारण सांगा. लिहावं लागतं.”

“म्हस.”

“म्हस म्हणजे?”

“म्हस म्हंजे म्हस. काळी असती. चार पाय. मघाशी प्यालासा त्ये तिचंच.”

नृसिंहरावांनी प्रामाणिकपणानं लिहिलं, कारण: म्हैस. पंधरा दिवसांनी कागद कचेरीतून परत आला. वर लाल शाईनं शेरा, ‘सदर कारण नमुन्यात नाही.’ नमुन्यात चारच कारणं छापलेली होती. आजार, अपंगत्व, परगावी वास्तव्य, शाळा मैलाहून दूर. साहेब बिचारे परत सायकल मारत आले.

“बाई, आजार लिहू का?”

“आजारी पडू दे तुमचा कागूद. माजी पोरगी खडखडीत हाय.”

“मग अपंग...”

झुंबरबाईनं शेणाची पाटी उचलली. नृसिंहरावांनी सायकल उचलली. त्या दिवसानंतर तोंडी बोलणं संपलं आणि नोटिसा सुरू झाल्या. पहिली आली, तिनं चुलीमागं खोचली. दुसरी आली, तिच्यात झुंबरबाईनं सरकी बांधून ठेवली. कागद जाडजूड होता, सरकारची तेवढी तारीफ तिनं केली.

इकडं शाळेत निराळाच कारभार होता. हेडमास्तर अंबादास गुरुजी. तेही शहरातलेच, तेही सायकलवरनं येणारे. शाळेच्या हजेरीची सरासरी घसरली तर दुसरा मास्तर काढून घेणार, असा नियम होता. आणि दुसरा मास्तर गेला तर चारही वर्ग गुरुजींना स्वतः शिकवावे लागणार होते. एवढं संकट कुणावरही येऊ नये. म्हणून गुरुजींच्या हजेरीपत्रकात खाडा नावाची गोष्ट नव्हती. सुगीचे दिवस असोत, गुऱ्हाळं पेटलेली असोत, अर्धी वाडी उसाच्या फडात असो, शाळेत अकरा पोरं बसलेली असोत, पटावर ब्याऐंशी हजर. तपासणीचे साहेब येणार असले की चार दिवस आधी कळायचं. त्या दिवशी गुरुजी पोरांना गूळ-शेंगा वाटायचे आणि हजेरी खरी होऊन जायची.

या पटावर तानीही होती. आठ दिवस शाळेत गेलेली तानी तिथं चार वर्षं रोज हजर होती. पहिलीतून दुसरीत गेली, दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत. वर्तणूक उत्तम.

आता कुणी विचारेल, की हजेरीसाहेब म्हणतात पोरगी गैरहजर आणि गुरुजी म्हणतात हजर, तर हे कचेरीत कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? दोन्ही कागद एकाच कचेरीत जायचे. पण दोन कपाटांत जायचे, आणि दोन कपाटांच्या मध्ये पाण्याचा माठ होता. त्या माठापाशी दोन्हीकडचे कारकून रोज भेटायचे. पोरीबाळींची लग्नं जमवायचे. कागद मात्र कधी भेटले नाहीत.

ते भेटले कोर्टात. सन बावन्नचा जानेवारी. झुंबरबाईच्या नावानं समन्स निघालं.

केरबानं त्या दिवसाचे चारही शब्द एकदम खर्च केले. “दंड भरू, सोडून देऊ.”

“गुन्हा काय केलाय म्या? पोरगी काय चोरून आनलीया?” झुंबरबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, तानीची वेणी घातली, आणि दोघी निघाल्या. तीनच्या सुमाराला पुकारा होणार होता, म्हणजे नेमकी चांदरीची वेळ. तेव्हा चांदरीही निघाली. कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाला बांधली. पट्टेवाला धावत आला.

“ए बाई, हे कोर्ट आहे!”

“म्हाईत हाय. तिच्यापायीच खटला हाय, तर तिनं नगं का यायला?”

आत मॅजिस्ट्रेट साहेब वयस्क होते, डुलक्या आवरत होते. एका बाजूला नृसिंहराव नोटिसांच्या नकला घेऊन उभे. शाळेचं दप्तर दाखवायला अंबादास गुरुजींना बोलावलेलं. गुरुजींच्या काखेत हजेरीपत्रक, आणि चेहरा असा, की जणू काखेत पेटता इंगळ धरलाय.

नृसिंहराव म्हणाले, “ही मुलगी कधीच शाळेत जात नाही. रोज दुपारी साडेतीनला म्हैस घेऊन उचगावच्या नाक्यावर मी स्वतः बघतो.”

“हजेरीपत्रक काय म्हणतं?” साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी पान उघडलं. खोटं बोललो तर कोर्टाची भीती, खरं बोललो तर पोटाची. मग ते वाचू लागले. “जून, हजर. जुलै, हजर. ऑगस्ट...”

“सगळेच दिवस?”

“एक दिवस रजा आहे, साहेब. नागपंचमीची.”

मॅजिस्ट्रेट साहेबांची झोप उडाली. त्यांनी नृसिंहरावांकडं बघितलं. “सरकारी नोंद खरी, की तुमचे डोळे?”

नृसिंहरावांनी वीस वर्षं नोकरी केली होती. ते फार विचार न करता म्हणाले, “सरकारी नोंद, साहेब.”

“आणि तुमचं काय म्हणणं, बाई? मुलगी शाळेत जाते का?”

झुंबरबाईनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींच्या कपाळावर भर पौषात घाम. तिला मनातून उकळ्या फुटल्या. दोन शिकलेली माणसं एकमेकांच्या शेंड्या धरून उभी होती, आणि सुटका तिच्या हातात होती. असा मोका गंगावेशीत रोज उभं राहूनही मिळाला नव्हता.

“गुरुजी शिकल्यालं हाईत,” ती गोड आवाजात म्हणाली. “त्यांनी लिवलंय त्ये खोटं कसं असंल?”

साहेबांनी तानीला जवळ बोलावलं. “काय गं? शाळेत जातेस ना?”

तानीनं आईकडं बघितलं. आईनं डोळे मोठे केले. बाहेर चांदरी हंबरली.

“व्हय,” तानी म्हणाली.

“शाबास. अशीच शिक.”

वाच म्हणून पाटी पुढं करायचं साहेबांच्या मनात आलं नाही. कशाला येईल? समोर हजेरीपत्रक होतं. खटला काढून टाकला. पाच वाजता झुंबरबाई कट्ट्यावर उभी होती आणि पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की सरकारला तिनं कसं चीत केलं. पैलवानांनी मांडीवर थाप मारून दाद दिली. तानी चांदरीच्या मानेखाली खाजवत राहायची. ती गोष्ट तिनं एकदाही सांगितली नाही.

एप्रिलात शाळेचा निकाल लागला. वाडीत कुणाला कळलं, कुणाला नाही. झुंबरबाईच्या घरी कळायचं कारणच नव्हतं.

जुलैत चांदरीनं दूध कमी केलं. आषाढ सरता सरता पार आटली. फुटक्या पाटीचा मोठा तुकडा तानीनं घासून स्वच्छ केला आणि उंबऱ्यात बसली. झुंबरबाईच्या जिभेला हाड नसेल, पण तिच्या शब्दाला होतं. तिनं पोरीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि पदर खोचला.

“चल. दिला शबुद म्हंजे दिला.”

शाळा मारुतीच्या देवळाच्या अंगानं. गुरुजी खुर्चीत, पाय बाकावर. झुंबरबाईला बघून पाय खाली आले. कोर्टापासून ते तिला वचकून होते.

“गुरुजी, पोरीला आनलीया. आता हिला रोज धाडनार.”

गुरुजी खाकरले. “बाई, हिचं नाव कमी झालं.”

“कशापायी?”

“पास झाली.”

“कोन?”

“तानी.”

“कशात?”

“चौथीत. एप्रिलात. ही शाळा चौथीपर्यंतच.”

तानीनं आईचा पदर ओढला. “आये, म्या पास झाली?”

पोरीच्या आवाजात असा आनंद होता, की गुरुजींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. झुंबरबाई मात्र हलली नाही.

“दावा बघू.”

गुरुजींनी निकालपत्रक काढून वाचून दाखवलं. भाषेत एकसष्ट, गणितात बावन्न, वर्तणूक उत्तम. झुंबरबाईनं ऐकून घेतलं. पटावरची तिची लेक फारच गुणी निघाली होती. रोज वेळेवर आली, आजारी पडली नाही, चार वर्षांत चार यत्ता चढली. घरची लेक फुटकी पाटी पोटाशी धरून उभी होती.

“बरं. मग हिला पहिलीत बसवा.”

“चौथी पास मुलगी पहिलीत कशी बसवू? वर विचारतील. शिवाय हिला अकरा पुरी झाली, आता सक्तीही नाही.” मग गुरुजींना थोडा धीर आला. “आणि बाई, कोर्टात तुम्हीच सांगितलंत. गुरुजींनी लिहिलेलं खोटं कसं असेल म्हणून. लेकीनंही सांगितलं. आता फिरवलंत तर तुमच्यावरच यायचं.”

झुंबरबाईला गुरुजींचा राग आला म्हणावं तर तसंही नव्हतं. कोर्टात बोललेलं ते वाक्य तिला आठवलं, आपला तो गोड आवाज आठवला, आणि पोरीकडं बघून वटारलेले डोळे आठवले. त्या दिवशी तिनं सरकारला चीत केलं असं महिनाभर सांगितलं होतं. खाली कोण आलं होतं ते आज दिसलं. पोरीचा हात धरून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शहरात गेली. म्हैस नाही, चरवी नाही, हात रिकामे, त्यामुळे रस्त्यात दोघा-तिघांनी ओळखलंच नाही. शाळा-बोर्डाच्या कचेरीत नृसिंहराव कपाटाला पाठ लावून बसले होते.

“सायेब, माज्यावर खटला घाला.”

नृसिंहराव दचकून उठले. “कसला?”

“त्योच. पोरगी शाळंत जात न्हवती. तुमी खरं बोलत हुतासा. म्या लबाड बोलली. घ्या लिवून, आंगठा देते.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नृसिंहरावांना, तुम्ही खरं बोलत होता, असं म्हणत होतं. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी माठापलीकडच्या कपाटाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, घरी जा. ते प्रकरण निकालात निघालं. माझं काम मुलं शाळेत घालणं. तुमची मुलगी शाळा संपवून बाहेर पडली.”

“ती आत गेलीच न्हाय की वो!”

“कागदावर गेली.”

“मग कागूदच वाचत्याला असंल मोठा झाल्यावर. पोरीनं काय करायचं?”

“तुमचं कोर्टापुढं झालंय. मी आता ते उकरलं तर वीस वर्षांची नोकरी जाईल. घरात चार तोंडं आहेत.” साहेबांनी नमुन्यांचा गठ्ठा सरळ केला. तो आधीच सरळ होता. “एक सांगू? तुमच्यासारखी स्वतःहून आलेली आई मी पहिलीच बघितली. पण तिच्यासाठी नमुना नाही.”

झुंबरबाई परत निघाली. जाताना पाच मैल, येताना पाच मैल, पावसाची झिमझिम, आणि म्हैस बरोबर नसल्यामुळे चालताना बोलायला कुणी नाही. उचगावपर्यंत ती दोघा साहेबांना शिव्या देत आली. उचगावच्या पुढं शिव्या संपल्या. मग ती नुसती चालली. वाडीच्या ओढ्याशी आली तेव्हा तिच्या चालण्यात परत जोर आला होता. घरी न जाता ती परस्पर शाळेकडं वळली. ओढ्याकाठी शेण गोळा करत असलेल्या तानीला तिनं हाक मारली, “ऱ्हाऊ दे त्ये. हात धू आन् पाटी घ्यून ये.”

शाळेत त्या दिवशी तेवीस पोरं होती. पटावर किती होती ते सांगायला नको. दुसरा मास्तर फळ्यावर बाराखडी काढत होता. गुरुजी हजेरीपत्रकात टिंबं देत होते.

“गुरुजी, तुमी लिवलंसा पोरगी पास म्हनून.”

“पुन्हा तेच का बाई?”

“न्हाय. त्ये पुसा म्हनत न्हाय म्या. खोटं लिवलंसा, आता त्ये खरं करा.”

“म्हणजे?”

“म्हंजे एकसष्ट कशाचं आनि बावन्न कशाचं, त्ये समदं हिला यायला पायजे. बाराखडीपासनं. कुटं बसवायची, कवा शिकवायचं, त्ये तुमी बघा.”

गुरुजी हसले. हसू अर्ध्यात अडकलं, कारण समोरची बाई हसत नव्हती. “पटावर नाव नाही, बाई. साहेब आले आणि विचारलं ही कोण, तर काय सांगू?”

“सांगा, म्हशीवालीची पोर हाय, रेडकू हुडकत आलीया.”

पोरं खिदळली. दुसऱ्या मास्तरानं फळ्याकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर उद्या कोर्टात जाते. आत्ताच बोर्डात जाऊन आली. तिथलं सायेब माघारी लावत्यात. मॅजिस्ट्रेट सायेब न्हाय लावायचं, त्यास्नी आपली वळख हाय. सांगते, लबाड बोलली म्हनून. घालू देत मला आत. घरी केरबा हाय, त्यो न्हाय बोलला तरी भाकरी करतोय. पर म्या एकटी न्हाय जायाची, गुरुजी. तुमच्या काखंतलं त्ये पुस्तक संगं येनार. नागपंचमीच्या रजेसकट.”

गुरुजींनी टाक दौतीत बुडवला, बाहेर काढला, परत बुडवला. बाईचं बोलणं पोकळ आहे का, हे ते तिच्या तोंडावर शोधत होते. सापडलं नाही. ती खरोखर जाणार होती. पायातला चिखल अजून ओला होता.

“किती दिवस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“चांदरी व्याईस्तवर दिसभर. व्याली की अडीचपतूर. तीनला मला पोरगी पायजे. म्हशीला म्या कायदा शिकवू शकत न्हाय.”

हेही तिच्या स्वभावाला धरून होतं. शाळेपुढं नमली, पण अडीच वाजेपर्यंतच.

गुरुजींनी दुसऱ्या मास्तराला मानेनं खूण केली. मास्तरानं पहिलीच्या रांगेत जागा केली. तानी दारात पोचली होती, ओले हात परकराला पुसत. ती आत आली आणि सहा-सात वर्षांच्या पोरांमध्ये बसली. सगळ्यांपेक्षा हातभर उंच. गुडघे कुठं ठेवावेत तिला कळेना. शेजारच्या पोरानं नाक ओढून विचारलं, “तू हितं कशाला?” तानीनं फुटकी पाटी मांडीवर घेतली आणि सांगितलं, “मी चौथी पास हाय. आता पहिली शिकतीया.” पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मास्तर फळ्याकडं वळला. झुंबरबाई दारात थोडा वेळ उभी राहिली. फळ्यावर काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं, पण ती पोरीच्या बोटांकडं बघत होती. एकदा तिनं तोंड उघडलं, शिकलेल्या माणसांबद्दलचं नेहमीचं बोलणं ओठापर्यंत आलं असणार, पण ते तिनं तिथंच गिळलं. पदर डोक्यावर ओढला आणि पायरी उतरली.

पावसानं रस्त्याचा राडा झाला होता. त्यातून ती घराकडं निघाली, लुगड्याचा काठ हातात धरून, बिगीबिगी, कुणाची उधारी फेडून आल्यासारखी नाही आणि जिंकून आल्यासारखीही नाही. गुरुजी टाक हातात धरून खिडकीतून तिच्याकडं बघत होते. दुसरा मास्तर खडू थांबवून बघत होता. आणि रांगेत सगळ्यांच्या डोक्यावरून तानीची मान वर आली होती. आई गोठ्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली.